वाट्याचा खलाशी, तोट्याचा वाटेकरी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



उन्हाळी सुट्टीत मासेमारीच्या नौकेवर खलाशाचे काम मिळवणे, हा विषय समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. अमेरिकेच्या अलास्का राज्यात दर वर्षी मे-जून महिन्यांत हजारो तरुण अशा कामासाठी जातात. त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी पुष्कळ असतात. सहा-आठ आठवड्यांत वर्षभराच्या शिक्षणाचा खर्च निघतो, अशी त्या कामाची ख्याती आहे. कधी ती खरी ठरते, कधी मुलगा परतीच्या भाड्यापुरतेही पैसे न घेता घरी येतो. एकाच बंदरात, एकाच हंगामात या दोन्ही गोष्टी घडतात. त्या का घडतात, हे समजून घेतले म्हणजे श्रम, भांडवल आणि जोखीम यांची वाटणी कशी होते याचा एक उत्तम धडा आपल्याला मिळतो. आणि तो रत्नागिरी-हर्णैच्या धक्क्यावरही उपयोगी पडतो.

प्रथम तेथील व्यवसायाचे स्वरूप पाहू. अलास्काच्या नैऋत्येस ब्रिस्टल बे नावाचा उपसागर आहे. सॉकाय जातीच्या सॅमन माशांचा जगातील सर्वांत मोठा लोंढा तेथे उन्हाळ्यात समुद्रातून नद्यांकडे वळतो. (आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण तो मासा निराळा.) जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचा काय तो हंगाम, त्यातही ४ जुलैच्या मागेपुढे दोन-तीन आठवडे खरी धामधूम. २०२२ मध्ये या एका उपसागरात ६ कोटींच्या आसपास सॉकाय पकडले गेले. गिलजाळे सोडणाऱ्या नौकांची लांबी कायद्याने ३२ फुटांपर्यंत मर्यादित आहे. तांडेल धरून तीन-चार माणसे. रात्र तेथे जवळजवळ होतच नाही. सरकारी खात्याने मासेमारी खुली केली की झोप, जेवण बाजूला ठेवून जाळे ओढायचे, मासे सोडवायचे, पुन्हा जाळे टाकायचे.

नवख्याला हे काम मिळते कसे? ओळख असेल तर हिवाळ्यातच ठरून जाते. ओळख नसेल त्याने कोडियाक, नॅकनेक, कॉर्डोव्हा, पीटर्सबर्ग अशा बंदरांत स्वखर्चाने जाऊन धक्क्यावर हिंडायचे. प्रत्येक नौकेपाशी उभे राहून विचारायचे. जाळी दुरुस्त करू लागायचे, नौकेचा तळ खरवडायचा, रंग द्यायचा. या पूर्वतयारीच्या कामाला पुष्कळदा मजुरी नसते. तांडेल मुलाचा स्वभाव पाहतो, पाठ किती वाकते ते पाहतो आणि मग घेतो. राज्याच्या मत्स्यखात्याचा खलाशी परवाना स्वतःच्या पैशाने काढावा लागतो. परराज्यातल्या माणसाला तो महाग पडतो. शहरात ज्या बेरोजगार मजुराला आपण ‘नाक्यावर उभा असलेला’ म्हणतो, त्याचेच हे समुद्रकाठचे रूप आहे. फरक इतकाच की येथे उभा राहणारा पुष्कळदा मध्यमवर्गाचा मुलगा असतो.

आता मोबदल्याकडे वळू. खलाशाला पगार नसतो. त्याला ‘वाटा’ असतो. नवख्याला साधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास, अनुभवी माणसाला त्याहून अधिक. डिझेल आणि शिधा यांचा खर्च त्यातून वळता होतो. कागदावर ही पद्धत अत्यंत न्याय्य दिसते. मालक आणि मजूर हे नातेच नाही. सगळे एका नौकेतले भागीदार. आपल्या कोळी बांधवांच्या होडीवरही होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि माणसाचा वाटा अशी पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. म्हणून वाट्याची पद्धत मुळातच वाईट, असे मी म्हणणार नाही. प्रश्न वाटा कशाचा, आणि तो किती मोकळ्या हिशेबाने ठरतो, हा आहे.

एक साधे गणित मांडतो. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, एका नौकेने हंगामात १ लाख पौंड मासा पकडला आणि भाव पौंडाला २ डॉलर मिळाला. उत्पन्न २ लाख. डिझेल-शिधा १० हजार वजा जाता १ लाख ९० हजार. दहा टक्के वाटा १९ हजार डॉलर. आता मासा तितकाच, कष्ट तितकेच, खर्चही तितकाच, पण भाव ५० सेंट. उत्पन्न ५० हजार, खर्च जाता ४० हजार, वाटा ४ हजार. भाव चौथाईवर आला, पण खलाशाचा वाटा जवळजवळ पाचव्या हिश्शावर आला. त्याने जाळे एकदाही कमी ओढलेले नाही. हे काल्पनिक टोक नव्हे. १९८८ मध्ये ब्रिस्टल बेत सॉकायला पौंडामागे दोन डॉलरहून अधिक भाव मिळाला होता. २००१ मध्ये तो अर्ध्या डॉलरच्याही खाली गेला. नॉर्वे आणि चिली या देशांतील बंदिस्त पैदाशीच्या सॅमनने मधल्या काळात बाजारपेठ व्यापली होती. २०२३ मध्ये मासा भरपूर असताना मूळ भाव ५० सेंट जाहीर झाला, तेव्हा मच्छीमारांनी निषेध केला. त्यातही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की हा भाव मासा विकून झाल्यावर, हंगामाच्या अखेरीस कळतो. खरेदी करणाऱ्या प्रक्रिया-कंपन्या मोजक्या, विकणाऱ्या नौका शेकड्यांनी. माल आधी द्यायचा आणि किंमत मागाहून ऐकायची, हा व्यवहार आपल्या ऊस आणि कापूस उत्पादकांना निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

तात्पर्य, वाट्याच्या पद्धतीत नफ्याबरोबर जोखीमही वाटली जाते. पण जोखीम पेलण्याची ताकद वाटली जात नाही. कंपनी एका वर्षाचा तोटा दुसऱ्या वर्षी भरून काढते. तांडेलाच्या डोक्यावर नौकेचे कर्ज असते. तो रडतखडत निभावतो. खलाशाला दुसरे वर्षच नसते.

अमेरिकन कायद्याने या ‘भागीदारी’चा कसा उपयोग केला तेही पाहण्यासारखे आहे. किमान वेतन आणि जादा कामाचा मोबदला यांविषयीच्या संघराज्याच्या कायद्यातून मासेमारीतील खलाशी वगळलेले आहेत. दहापेक्षा कमी माणसांच्या नौकेवर वाट्याने काम करणारा खलाशी करखात्याच्या दृष्टीने नोकर नसून स्वतंत्र व्यावसायिक आहे. वीस टनांहून मोठ्या मासेमारी नौकांवर लेखी करार सक्तीचा आहे, पण लहान नौका त्यातून सुटतात आणि नवखा मुलगा बहुधा लहान नौकेवरच चढतो. म्हणजे जेथे संरक्षणाची गरज अधिक, तेथे कागद कमी.

परंतु चित्राची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. तेथील श्रमिकांनी आणि जनतेने काही गोष्टी झगडून मिळवल्या आहेत. १९२० च्या जोन्स कायद्याने मालकाच्या हलगर्जीपणामुळे जखमी झालेल्या खलाशाला दावा लावण्याचा हक्क दिला. जखमी मच्छीमारांच्या औषधोपचारासाठी अलास्कात १९५१ पासून एक निधी आहे; परवान्यांच्या शुल्कातून तो उभा राहतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, १९५९ मध्ये अलास्काला राज्याचा दर्जा मिळताच तेथील जनतेने नद्यांच्या मुखाशी उभारलेले माशांचे प्रचंड सापळे बंद केले. हे सापळे मुख्यतः सिअ‍ॅटल-सॅन फ्रान्सिस्कोच्या डबाबंद मासळीच्या कंपन्यांचे होते. त्यांना खलाशी फारसे लागतच नसत. मासे ही जनतेची संपत्ती आहे, हे तत्त्व त्या राज्याच्या घटनेतच लिहिले गेले.

पुढे काय झाले, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष मनन करण्याजोगा भाग आहे. नौका वाढल्या, मासा कमी झाला. १९७२ मध्ये घटनादुरुस्ती, १९७३ मध्ये मर्यादित प्रवेशाचा कायदा. ब्रिस्टल बेत गिलजाळ्याच्या नौकांचे परवाने सुमारे १८६० वर थांबवले गेले. परवानाधारकाने स्वतः मासेमारीत हजर असले पाहिजे, कंपनीला परवाना घेता येणार नाही, ही अट स्तुत्य. परंतु पूर्वानुभवाच्या गुणांवर फुकट मिळालेला हा परवाना विक्रीयोग्य ठरला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याची किंमत दोन लाख डॉलरवर गेली. गावातल्या आदिवासी कुटुंबांनी अडचणीच्या वेळी परवाने विकले; ते बाहेरच्यांच्या हाती गेले. नदी तीच, मासा तोच, पण गावातला तरुण आता आपल्याच दारात वाट्याचा खलाशी झाला. हॅलिबट माशाच्या बाबतीत १९९५ पासून वैयक्तिक कोटा आला. चोवीस तासांच्या जीवघेण्या शर्यती त्यामुळे थांबल्या हे खरे. परंतु कोटा नौकामालकांना मिळाला, वर्षानुवर्षे गळ लावणाऱ्या खलाशांना नाही. नौका कमी झाल्या, खलाशांच्या जागा कमी झाल्या. आणि कोटा भाड्याने घेतला असेल तर ते भाडेही पुष्कळदा वाटणीच्या आधीच वजा होऊ लागले. सार्वजनिक संपत्तीचे रक्षण करण्याच्या सद्हेतूने केलेला कायदा खासगी मालमत्ता कशी निर्माण करतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल.

आता सुरक्षिततेविषयी. मासेमारी हा जगातील अत्यंत धोक्याच्या व्यवसायांपैकी एक आहे. नौका बुडणे आणि माणूस पाण्यात पडणे ही मृत्यूची प्रमुख कारणे. १९८५ च्या ऑगस्टमध्ये कोडियाकजवळ ‘वेस्टर्न सी’ नावाची जुनी लाकडी नौका सहा जणांसह बुडाली. त्यांत येल विद्यापीठाचा एक वीस वर्षांचा विद्यार्थी होता; उन्हाळी नोकरीसाठी आलेला. त्याचे वडील राजनैतिक अधिकारी होते. आईवडिलांनी पुत्रशोक गिळून, नौकेवर जीवरक्षक साधने सक्तीची असावीत यासाठी संसदेपर्यंत धडक दिली आणि १९८८ मध्ये मासेमारी नौकांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. तराफा, बुडती नौका शोधून देणारे संदेशयंत्र, थंड पाण्यापासून वाचवणारा पोशाख या गोष्टी आवश्यक ठरल्या आणि पुढे मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आले. त्या मातापित्यांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण त्याआधीची कित्येक दशके खलाशी बुडतच होते. त्यांच्या आयाही रडतच होत्या. त्यांचा आवाज कायदेमंडळापर्यंत पोचायला सुशिक्षित घरचा मुलगा मरावा लागला. कोणाचे मरण मोजले जाते, हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही.

याउलट उदाहरण किनाऱ्यावरच्या कारखान्यांचे. १९२०-३० च्या दशकांत सिअ‍ॅटलहून फिलिपिनो तरुण, त्यांतही अनेक विद्यार्थी, उन्हाळ्यात अलास्कातील डबाबंद मासळीच्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत नेले जात. त्यांनी १९३३ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये स्वतःची संघटना उभी केली आणि ठेकेदारी मोडून काढली. हंगामी मजूर, परके, विखुरलेले. तरी ते संघटित झाले. हंगामी कामगारांची संघटना होऊच शकत नाही, असे जे आपल्याकडे सांगितले जाते त्याला हे उत्तर आहे.

आपल्या किनाऱ्याकडे येतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. अलास्कात जो हंगाम, तो आपल्याकडे रिकामपणाचा काळ. बंदी उठली की रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून अनेक बंदरांत नेपाळपासूनचे खलाशी येतात. त्यांना उचल मिळते; म्हणजे अलास्कातील मुलगा स्वतःचे पैसे घालून नौकेवर चढतो आणि आपल्याकडचा खलाशी कर्ज घेऊन. एकाला हंगाम संपल्यावर महाविद्यालय आहे. दुसऱ्याला हंगाम संपल्यावर फेडायची बाकी आहे. १९८१ च्या महाराष्ट्राच्या सागरी मासेमारी नियमन कायद्याचा रोख नौका, जाळी आणि क्षेत्र यांच्या नियमनावर आहे. माणसाची मजुरी हा त्याचा विषय नव्हे. मासेमारीतील कामाविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००७ चा करार २०१७ मध्ये अमलात आला. प्रत्येक खलाशाशी लेखी करार असावा, विश्रांतीचे तास ठरलेले असावेत, आजारपणात व अपघातात संरक्षण असावे, ही त्याची किमान अपेक्षा आहे.

जाता जाता एक व्यावहारिक सूचना. अलास्काच्या कमाईच्या कथा ऐकून आपल्याकडचा कोणी तरुण दलालाच्या नादी लागत असेल, तर त्याला स्पष्ट सांगा की पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसावर त्या नौकेवर काम करण्याची मुभा नाही. अशा कामासाठी कोणी आगाऊ पैसे मागत असेल तर तो नोकरी देत नसून मुलाला विकत आहे, असे समजावे.

कार्यकर्त्यांसाठी काम कोणते? घोषणा नंतर देता येतील. प्रथम धक्क्यावर जा आणि चार प्रश्न विचारा. नौकेवर किती माणसे चढली, त्यांची नावे कोठे लिहिली आहेत? उचल किती दिली आणि वळती कशी होते, हे खलाशाला वाचता येईल अशा भाषेत लिहून दिले आहे का? प्रत्येकाला अंगावर घालता येईल असे जीवरक्षक जाकीट नौकेवर आहे का? विमा खलाशाच्या नावाचा आहे, की फक्त नौकेचा? या प्रश्नांची उत्तरे नौकामालकांकडूनही घ्या. त्यांतले अनेक जण स्वतः व्यापाऱ्याच्या कर्जात आहेत आणि त्यांना शत्रू मानून हे काम पुढे जाणार नाही. चार वह्या भरल्या की मागणीपत्र आपोआप तयार होईल.

समुद्रात वाटा सर्वांचा असतो, असे कोळी बांधव मानतात. तो वाटा कागदावर यावा, इतकीच आजची मागणी आहे.