कॉलेज आणि फुटबॉल : आरंभीची वाटचाल

भंडारा जिल्ह्यांत धानाची कापणी झाली कीं बांध्या मोकळ्या होतात आणि मुलांना मैदान मिळतें. हुतूतू किंवा आट्यापाट्या यांना जमिनीवर रेघा ओढल्या कीं पुरे. साहित्य कांहीं लागत नाहीं. फुटबॉल हा खेळ मात्र आपल्या देशांत बाहेरून आला. सैन्याच्या छावण्या आणि शाळा-कॉलेजें या दोन वाटांनीं तो आला. त्यांपैकीं कॉलेजाच्या वाटेचा इतिहास ध्यानांत घेण्याजोगा आहे.

इंग्लंडांतील प्रत्येक मोठ्या शाळेचा फुटबॉल पूर्वीं निराळा होता. चेंडू हातांत धरून पळणें हें एका शाळेंत शौर्य ठरे, तर दुसरींत तोच अपराध. अशा निरनिराळ्या शाळांतलीं मुलें केंब्रिज विद्यापीठांत जमलीं, तेव्हां खेळापेक्षां वादच अधिक होऊं लागला. अखेरीस १८४८ सालीं विद्यार्थ्यांनीं एकत्र बसून नियम लिहून काढले. पुढें १८६३ सालीं लंडनमध्यें फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, तिच्या नियमांवर केंब्रिजची छाप स्पष्ट दिसते. खेळणारांनींच आपल्याला बंधन घालून घ्यावें, ही या खेळाची पहिली शिकवण होय.

अमेरिकेंत कॉलेजांमधील पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं न्यू जर्सी राज्यांत रट्गर्स आणि प्रिन्स्टन यांच्यांत झाला. प्रत्येक बाजूस २५ गडी होते आणि चेंडू घेऊन पळण्यास मनाई होती. रट्गर्सनें ६ विरुद्ध ४ असा विजय मिळविला. आठवड्यानें प्रिन्स्टननें ८ विरुद्ध ० अशी परतफेड केली. पुढें १८७४ सालीं हार्वर्डची गांठ कॅनडांतील मॅक्‌गिल विद्यापीठाशीं पडली आणि चेंडू हातांत घेऊन धांवण्याची रग्बीची पद्धत तिकडे रुजली. येलच्या वॉल्टर कँप यांच्या पुढाकारानें १८८० सालीं गड्यांची संख्या ११ वर आली. अमेरिकन फुटबॉल हा स्वतंत्र खेळ अशा रीतीनें घडला.

परंतु कीर्तीबरोबर ईर्षाही वाढली. हात धरून, फळी करून प्रतिपक्षावर तुटून पडण्याचे डाव निघाले. १९०५ च्या हंगामांत सुमारें १८ खेळाडू दगावल्याचें वृत्तपत्रांनीं छापलें. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना बोलावून खेळ सुधारण्यास बजावलें. कांहीं कॉलेजांनीं तर तो बंदच केला. १९०६ सालीं नियम बदलले. चेंडू पुढें फेंकण्यास मुभा मिळाली, त्यामुळें गडी मैदानभर पांगूं लागले. ज्या खेळानें विद्यार्थ्यांचे प्राण जातात, तो शिक्षणाचा भाग कसा ठरावा, हा प्रश्न त्या वर्षीं उभा राहिला. तो कोणत्याही कॉलेजाला टाळतां येणारा नाहीं.

हिंदुस्थानांत निराळीच अडचण होती. १८९१ सालीं टिंडेल-बिस्को या मिशनरी शिक्षकांनीं श्रीनगरच्या शाळेंत चामड्याचा चेंडू आणला. ब्राह्मण मुलें त्याला शिवेनात. काठ्या घेतलेल्या शिक्षकांना मैदानाभोंवतीं उभें करून सामना सुरूं करावा लागला. एका मुलाच्या तोंडावर चेंडू बसला, तेव्हां विटाळ झाला म्हणून तो रडूं लागला. कालव्यावर नेऊन त्याचें तोंड धुवविलें आणि खेळ पुढें चालला. चामडें कमावणाऱ्या हातांना समाजानें दूर लोटलें होतें. त्यांच्या कष्टाचा चेंडू मात्र पंक्तीचा भेद न पाहतां सर्वांच्या अंगावर येऊन आदळे.

बुटांचा प्रश्नही होताच. २९ जुलै १९११ रोजीं कलकत्त्यांत मोहन बागाननें ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २ विरुद्ध १ असें हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हां सुधीर चॅटर्जी यांच्याच पायांत बूट होते. बाकीचे अनवाणी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें स्वतंत्र भारताचा संघही बहुतांशीं अनवाणीच खेळला आणि फ्रान्सकडून २ विरुद्ध १ असा हरला. त्याचे कर्णधार तालिमेरेन आओ हे वैद्यकाचे विद्यार्थी होते.

भंडाऱ्याच्या मुलाला त्या काळीं कॉलेजासाठीं नागपूर गांठावें लागे. तेथें १८८३ सालीं हिस्लॉप आणि १८८५ सालीं मॉरिस कॉलेज निघालें. दोन्हीं आरंभीं कलकत्ता विद्यापीठाशीं संलग्न होतीं. नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं झालें. म्हणजे जें नगर हिंदी फुटबॉलचें माहेरघर, तेथूनच या प्रांताला पदव्याही मिळत होत्या. परीक्षा दूरच्या शहरीं बसून घेतां येते. खेळाला मात्र मुलाच्या पायाखालचीच जमीन लागते.

या इतिहासावरून जिल्ह्यांतील कोणत्याही विद्यालयाला तीन गोष्टी उचलतां येतील. नियम खेळणारांना समजावून, त्यांच्या संमतीनें चालवावे. ईर्षा शरीराला अपाय करूं लागली, तर खेळ थांबवून नियम बदलावे. आणि जात, पैसा किंवा बूट यांच्यामुळें कोणीही रेघेबाहेर राहूं नये. निवडक अकरा जणांनीं ढाल आणली, तर ती कचेरीच्या कपाटांत शोभते. पण शेंकडों मुलामुलींचे पाय संध्याकाळीं मैदानाकडे वळले, तर त्यांचें आरोग्य, त्यांची मैत्री आणि हार पचविण्याची शक्ति गांवागांवांत पोंचते. विद्यालयानें मैदानावर खर्च करायचा तो मुख्यतः यासाठींच.