कुकडीकाठची राख



पुणे जिल्हा म्हणजे काळ्या पाषाणाचा प्रदेश, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती बव्हंशी खरी आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हे पठार घडले. तथापि या पाषाणावर नद्यांनी मागाहून गाळाचे जे पट्टे पसरले, त्यांत मानवाच्या आद्य इतिहासाची पाने दडलेली आहेत.

जुन्नर तालुक्यातील बोरी हे कुकडीकाठचे गाव याचे ठळक उदाहरण होय. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील संशोधकांनी येथील काठाच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्या सान्निध्यात आदिमानवाची दगडी हत्यारे असल्याचे निदर्शनास आणले. ही राख स्थानिक नव्हे. येथील बेसाल्टमध्ये सिलिकाचे प्रमाण कमी, तर राखेच्या काचकणांत ते पुष्कळ अधिक आहे. तिचा उगम हजारो किलोमीटर दूर, सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीत असल्याचे मानले जाते. वाऱ्याने ती येथवर आणली, पावसाने दरीत लोटली आणि पुराच्या गाळाने झाकून टाकली.

टोबाचा अखेरचा महास्फोट सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी झाला. परंतु त्याआधीही तेथे मोठे उद्रेक झाले होते. बोरीची राख कोणत्या उद्रेकाची, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. काहींच्या मते ती कित्येक लक्ष वर्षे जुनी आहे. राख जितकी जुनी, तितकी तिच्याखालील हत्यारेही जुनी. म्हणूनच या वादास महत्त्व आहे.

असा निर्णय केवळ हत्यार हाती घेऊन होत नाही. ते कोणत्या थरात, कशाच्या वर आणि कशाच्या खाली होते, हे पाहावे लागते. थर एकदा विस्कटला की दगड उरतो, पुरावा नाहीसा होतो. पावसाने पडणाऱ्या घळी, शेतांचे सपाटीकरण आणि वाळूउपसा यांमुळे नदीकाठचे असे थर सहज नष्ट होऊ शकतात.

यास्तव तज्ज्ञांइतकीच जबाबदारी गावाचीही आहे. काठ कापताना पांढुरकी, पिठासारखी माती अथवा घडवलेले दगड आढळल्यास पंचायत सदस्यांनी काम थांबवून जाणकारांस कळवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना काठावर नेऊन थर दाखवावेत. हत्यारे मात्र उचलू देऊ नयेत. गावाचा सर्वांत जुना दप्तरखाना नदीच्या दरडीत आहे. त्याचे जतन गावानेच करावयाचे आहे.