विजयदुर्ग, जेऊर आणि एक पिवळी रेषा

विजयदुर्गावरील ‘साहेबाचे कट्टे’ पाहून येणारा प्रत्येकजण हेलियमचा शोध येथेच लागला असे सांगत परततो. नोंदी निराळे सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. नॉर्मन लॉकियर इंग्लंडात युद्धखात्यात कारकुनी करीत होते. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला त्यांनी ग्रहणावाचूनच, वर्णपटदर्शकातून सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या रेषा टिपल्या. त्यांतील एक पिवळी रेषा सोडियमची नव्हती. रॅम्से यांना तो वायू पृथ्वीवर गवसेपर्यंत १८९५ साल उजाडले.

लॉकियर विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तेव्हा ते प्राध्यापक व ‘सर’ झाले होते. कट्ट्यांचा मान खराच, साल मात्र तीस वर्षांनी पुढचे.

त्याच दिवशी तीच सावली सोलापूर जिल्ह्यातील जेऊरवरून सरकली. तेथे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे मांडून सज्ज होते. भावनगरच्या महाराजांची देणगी आणि मुंबई सरकारचे साहाय्य मिळवून त्यांनी १८८८ मध्ये पुण्यात २० इंची परावर्ती दुर्बीण उभारली होती, तीही अध्यापन सांभाळून! लॉकियरांच्या हाती १८६९ पासून ‘नेचर’सारखे नियतकालिक होते, नायगमवालांचे नाव आज किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, तशी वेधशाळाही बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली.