मिश्रीचा तवा आणि आशाताईंचा फोन



अध्यक्ष या नात्यानं मी आज एकाच विषयावर बोलणार आहे: गरीब घरातल्या बायकांची तंबाखू.

व्यसनमुक्ती म्हटलं की आपल्यासमोर बिडी ओढणारा पुरुष येतो. पण २०१६-१७च्या देशव्यापी सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया २ टक्के होत्या, तर बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या १२.८ टक्के. आपल्याकडे त्यात दात-हिरड्यांना लावायची मिश्री आलीच. सुटी तंबाखू आणायची, तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून डबीत भरायची. २०१६पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्यासाठी राखलेला आहे. घरच्या डबीवर इशारा कोण छापणार? तिथं पोचते ती फक्त उंबऱ्यात येऊन बसणारी आरोग्य कार्यकर्ती, आशाताई.

आणि पोचायलाच हवं. मुंबईतल्या १,२१७ गर्भवतींचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. आधीच अशक्त असलेल्या आईच्या बाळाला हा तोटा परवडणारा नाही.

"ताई, मिश्री लावल्याबिगर पोट साफ होत नाही," असं बाई सांगते, तेव्हा ती खरंच सांगत असते. निकोटिनची सवय झालेलं शरीर ते बंद होताच कुरकुरतं: बद्धकोष्ठता, चिडचिड, झोपमोड. पहिले काही दिवस सर्वांत अवघड, मग दोन-चार आठवड्यांत त्रास ओसरतो. हे आधी सांगितलं, कोमट पाणी आणि पालेभाजी सुचवली, सोडायचा दिवस तिच्याच तोंडून ठरवून घेतला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दार वाजवलं, तर तिचा धीर टिकतो. "कॅन्सर होईल" एवढं बजावून निघून जाणं म्हणजे समुपदेशन नव्हे.

आता मोबाइलबद्दल. सरकारची व्यसनमुक्तीची संदेशसेवा २०१६पासून आहे, १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइनही आहे. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरायचा फोन ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. उरलेल्यांच्या घरात फोन असलाच तर तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात. लपूनछपून मिश्री लावणाऱ्या सुनेला त्यावर संदेश पाठवून कसं चालेल? म्हणून व्यसनमुक्तीसाठी ॲप करायचं तर ते आधी आशाताईंच्या हाती द्या. कुणाचा सोडायचा दिवस उद्या आहे, कुणाचा तिसरा दिवस आज आहे, हे त्यानं सांगावं. बाईला ऐकवायला तिच्या बोलीतला आवाज त्यात असावा, वाचायला लावणारा मजकूर नको.

माझ्या तीन मागण्या आहेत. तिशीपुढच्यांच्या तपासणी अर्जात तंबाखूचा प्रश्न आहेच. त्यात मिश्रीचं नाव घेऊन विचारा. उत्तर "हो" आलं की पुढच्या भेटी ठरलेल्या असू द्या. आणि त्या प्रत्येक भेटीचा मोबदला आशाताईंना वेळेवर मिळू द्या. त्यांच्या माथी आणखी एक फुकटचं काम मारून बायकांची तंबाखू सुटणार नाही.

या मागण्या ठरावाच्या रूपानं आपल्यापुढे मांडतो आणि तो एकमतानं मंजूर करावा, अशी कळकळीची विनंती करतो.