भिंतीवरचा नकाशा

(साहाय्यकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी शाळेत असताना वर्गाच्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता. त्यात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसे आणि मी तसेच धरून चाललो. पुढे स्वतः भूगोल शिकवू लागलो तेव्हा आकडे पाहिले. ग्रीनलंड सुमारे 22 लाख चौरस किलोमीटर, आफ्रिका सुमारे 3 कोटी! म्हणजे आफ्रिकेत जवळपास 14 ग्रीनलंड मावतील. आपला भारतसुद्धा ग्रीनलंडच्या दीडपट आहे.

तो नकाशा मर्केटर यांनी 1569 मध्ये मांडलेल्या पद्धतीचा होता. त्यात लबाडी नव्हती. होकायंत्राची दिशा सरळ रेघेने आखता यावी, म्हणून तो खलाशांसाठी केला होता. त्यात विषुववृत्तापासून दूर जावे तसतसे प्रदेश फुगत जातात. जहाजावर तो उपयोगीच. आपण मात्र तो शाळेच्या भिंतीवर टांगला.

संत्र्याची साल टेबलावर सपाट करून पाहा. ती फाटते, नाहीतर ताणावी लागते. गोल पृथ्वीचेही तसेच. क्षेत्रफळ बरोबर राखले तर आकार थोडा बिघडतोच.

1855 मध्ये स्कॉटलंडचे एक पाळक, जेम्स गॉल, यांनी क्षेत्रफळ राखणारा नकाशा मांडला. एडिंबरोमध्ये कॅरबर्स क्लोज मिशन सुरू करणारे ते हेच. 1973 मध्ये जर्मनीच्या आर्नो पीटर्स यांनी तसाच नकाशा पुढे आणला. त्यात आफ्रिका लांबट, ओघळल्यासारखी दिसते, म्हणून नकाशातज्ज्ञांनी टीका केली. तरी अनेक मंडळ्यांनी आणि मदतसंस्थांनी तो आपलासा केला, कारण गरीब देशांची भूमी त्यात खऱ्या मापाने दिसत होती.

आपल्या वसतिगृहातल्या मुलांना मी एकदा कागदाचे 14 ग्रीनलंड कापून आफ्रिकेवर मांडायला लावले. मुले खूश झाली. एका मुलीने विचारले, "सर, मग आमचा पाडा कुठल्या नकाशात आहे?"

मी तालुक्याचा नकाशा काढला. गावाचे नाव होते, पाड्याचे नव्हते. माझ्या भेटींची यादी त्याच नकाशावरून होत असे. घरी जाऊन वही पाहिली. तीन वर्षांत त्या पाड्यावर मी एकदाही गेलो नव्हतो. वाट अवघड होती म्हणून नव्हे. तो पाडा माझ्या डोळ्यांसमोर कधी आलाच नाही.

त्यानंतर मुलांनी आपापल्या पाड्यांचा नकाशा काढला: ओढा, विहीर, पायवाट, कोणाचे घर कुठे. तो आता ऑफिसात जगाच्या नकाशाशेजारी लावला आहे. भेटींची यादी करताना मी आधी तोच पाहतो.

आपणही घरी मुलांना दोन्ही प्रकारचे नकाशे शेजारी ठेवून दाखवा, आणि पुढच्या खेपेस आमच्याबरोबर त्या पाड्यावर चला.