धडधाकट लेकरांच्या पोटातला जंतू

आज आपण मुलांच्या जठरात वस्ती करणाऱ्या एका जंतूबद्दल बोलू. त्याचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी, थोडक्यात एच. पायलोरी. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी १९८२ साली तो शोधला. पोटातल्या अल्सरचं ते एक मोठं कारण निघालं. या शोधासाठी त्यांना २००५ साली नोबेल मिळालं.

हा जंतू बहुतेकदा लहानपणीच शिरतो, तोही घरातूनच: उष्टं, ओकारी, न धुतलेले हात, दूषित पाणी. आपल्याकडे तो फार पसरलेला आहे. हैदराबादमधली एक पाहणी १९९१ साली छापून आली. तिच्यात विशीपर्यंतच शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणांना त्याची लागण झालेली दिसली.

म्हणजे ही सगळी मुलं आजारी का? नाही. बहुतेक मुलं खातात, खेळतात, त्यांना काहीच त्रास होत नाही. काही थोड्यांनाच पुढे, बहुधा मोठेपणी, अल्सर होतो, क्वचित जठराचा कॅन्सरही.

म्हणून आम्ही आज मुद्दाम सांगतो: मूल धडधाकट असेल, तर नुसत्या शंकेपोटी तपासणी करू नका. रक्ताच्या तपासणीत जुनी लागणही दिसते. जंतू आत्ता पोटात आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. उपचार म्हणजे तीन-चार औषधं, साधारण दोन आठवडे. अर्धवट सोडली तर जंतू औषधाला दाद देत नाही. शिवाय लहान मुलांना लागण पुन्हा होऊ शकते. तेव्हा बचत गटातून कर्ज काढण्याआधी डॉक्टरांना विचारा, “या तपासणीने उपचारात काय फरक पडेल?”

मात्र काही खुणा दिसल्या, तर थांबू नका. उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शी, पोटदुखीने रात्री झोपेतून उठणं, सारख्या उलट्या, वजन घटणं, किंवा लोहाचं औषध देऊनही रक्त न वाढणं. लोहाच्या औषधानेही शी काळी होते. ते चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. रक्ताची उलटी झाली तर लगेच दवाखाना गाठा.

बाकी आपल्या हातात आहे ते करू. शौचानंतर, बाळाची शी काढल्यावर आणि जेवू घालण्याआधी साबणाने हात धुवायचे. पाणी उकळून, झाकून ठेवायचं. घास स्वतः चावून बाळाला भरवायचा नाही. आजीलाही हे प्रेमाने समजावायचं. यामुळे जुलाबही कमी होतील. पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.