स्वागताध्यक्षांचे मनोगत

खोडदहून आणि देशभरातून आलेल्या शास्त्रज्ञांनो,

संस्थान गणपती आणि सुपारी हनुमानाला वंदन करून मी आपले गुलमंडीत स्वागत करतो. मी कापडाचा व्यापारी. पल्सारांच्या, म्हणजे घड्याळासारखे नियमित ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या, कालमापनाच्या परिषदेत मला पहिले बोलायला लावले, यात आयोजकांचे धाडस दिसते.

गावाविषयी मात्र मला आवरू नका. १६१० साली मलिक अंबरांनी हे आमचे शहर खडकी या नावाने वसवले. हबशी मुलखातला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा निजामशाहीचा कारभारी झाला आणि मुघलांना त्याने हयातभर झुंजवले. पुढे शहराला नाव औरंगजेबाचे लागले. तहान भागवली ती अंबरांच्या नहरीने. डोंगरातले पाणी जमिनीखालून, निव्वळ उताराच्या जोरावर, शहरातल्या हौदांत येई. बीबीच्या मकबऱ्यासमोर फोटो सगळे काढतात. खुलताबादला अंबरांच्या कबरीपाशी किती जण थांबतात? आपण उद्या थांबणार आहोत, बस सांगून ठेवली आहे.

आता विषयाकडे वळतो. अणुघड्याळ अचूक खरे, पण वर्षानुवर्षांच्या हिशेबाला ताळा हवा. तो अनेक पल्सारांच्या ठोक्यांवरून घेता येईल, असे मला समजावण्यात आले. सेकंदाला ६४२ गिरक्या घेणारा पल्सार १९८२ साली सापडला. शोधणाऱ्यांत आपल्या कुरुंदवाडचे श्रीनिवास कुलकर्णी होते. ठोका वाटेतल्या विरळ वायूमुळे किती उशिरा पोचतो, हे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना बारकाईने मोजतात. या ठोक्यांच्या हिशेबातूनच २०२३ साली अतिमंद गुरुत्वीय लहरींची चाहूल लागली. त्यांच्या जलद बहिणी पकडणारी लायगो प्रयोगशाळा हिंगोली जिल्ह्यात उभी राहते आहे, म्हणजे मराठवाडाही या कामात आलाच!

व्यवस्थेत उणिवा आहेत, त्या पोटात घाला. पल्सारचा ठोका पुढच्या वर्षी कधी येईल हे तुम्ही सांगाल. आमच्या नळाला पाणी कधी येईल हे आम्हाला सांगता येत नाही. टँकर मागवले आहेत, तरी बादली जपून वापरावी. गाड्या पैठण गेटकडे लावाव्यात. गाद्या कमी पडल्या, तर रात्री कितीही वाजता मला उठवा.

मंडपाचे कापड देणारे माझे व्यापारी बंधू, एक वेळचे जेवण उचलणारे सराफ, खोल्या देणारी मंगल कार्यालये, पाण्याचे जार पाठवणारे तरुण, पोळ्या लाटणाऱ्या भगिनी आणि नाव न छापण्याच्या अटीवर मोठी रक्कम देणारे सद्गृहस्थ, या सर्वांचा मी ऋणी आहे. कोणाचा उल्लेख राहिला असेल, तर त्यांनी दुकानावर येऊन मला हक्काने रागवावे.

नाश्त्याला गुलमंडीची इमरती आहे. गरम आहे तोवर घ्यावी.

जय हिंद, जय महाराष्ट्र.